उसनें बळ आणि दत्तक बळ

परकायाप्रवेशाची विद्या आपल्या चरित्रकथांना नवी नाहीं. शंकराचार्यांनीं मृत अमरु राजाच्या देहांत प्रवेश केला आणि आपला राजा एकाएकीं इतका शहाणा कसा झाला असा संशय मंत्र्यांस येऊं लागला, ही कथा बहुतेक वाचकांनीं लहानपणीं ऐकली असेल. देह तोच, पण आंतला प्राण दुसरा. अशा वेळीं त्या पुरुषास कोणत्या नांवानें हांक मारावी, हा त्या कथेंतील खरा पेंच आहे. हाच पेंच विसाव्या शतकांत इंग्लंडमधील कांहीं मोटारींच्या बाबतींत उत्पन्न झाला. लहान, सुबक व चपळ अशा ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीचें मूळचें इंजिन काढावयाचें आणि तिच्या पोटांत दुप्पट-तिप्पट बळाचें, बहुधा अमेरिकन, इंजिन बसवावयाचें, असा हा उद्योग होता. वरवर पाहतां तो हौशी मेकॅनिकांचा खेळ वाटतो. पण खोलांत शिरल्यास त्यांत बराच इतिहास सांपडतो.

साहित्याच्या मासिकांत इंजिनें आणि ब्रेक यांची चर्चा पाहून कोणाच्या कपाळास आठी पडेल, तर आमचें एवढेंच निवेदन आहे कीं, राष्ट्रांचा इतिहास जसा तहनाम्यांत सांपडतो तसा तो कारखान्यांतहि सांपडतो. ज्या मोटारींची हकीकत आम्ही सांगणार आहों तींत थकत चाललेल्या एका उद्योगप्रधान राष्ट्रानें दुसऱ्या तरण्याबांड राष्ट्राकडून बळ कसें आणलें, त्यांतलें कोणतें अंगीं लागलें व कोणतें लागलें नाहीं, याचा चांगला दाखला आहे.

ब्रिटिश इंजिनें मुळांत लहान कां राहिलीं, हें प्रथम पाहिलें पाहिजे. याचें कारण तेथील कारागिरांच्या बुद्धींत नव्हतें, सरकारच्या करांत होतें. सन १९२१ पासून इंग्लंडांत मोटारीवर दर अश्वशक्तीस एक पौंड असा वार्षिक कर बसला. ही अश्वशक्ति प्रत्यक्ष मोजलेली नसे. सिलिंडरच्या व्यासाचा इंचांत वर्ग करावयाचा, त्यास सिलिंडरांच्या संख्येनें गुणावयाचें आणि अडीचनें भागावयाचें, असें तें गणित होतें. यांत व्यास जमेस धरीत; आंतला दट्ट्या किती लांब धांवतो हें मात्र धरीत नसत. तेव्हां अरुंद व उंच सिलिंडरांचीं लहान इंजिनें करण्याचा परिपाठ कारखानदारांनीं ठेवला, यांत नवल नाहीं. हा कर उठून १९४८ सालीं सर्व मोटारींवर सारखाच कर झाला. परंतु तोंवर एका पिढीचे हात त्या मापाला सरावले होते.

अमेरिकेंत सर्वच उलट होतें. तेथें पेट्रोल स्वस्त, अंतरें अफाट आणि गिऱ्हाइकें असंख्य. हेन्री फोर्डनें १९३२ सालींच आठ सिलिंडरांचें, व्ही या इंग्रजी अक्षराच्या आकाराचें इंजिन सामान्य माणसाच्या मोटारींत बसविलें. मात्र अमेरिकन मोटार म्हणजे सरळ रस्त्यावरचा गजराज. वळण आलें कीं तिचें अंग कलंडावयाचें. इंग्लंडांतील अरुंद, वांकड्यातिकड्या व दोहों बाजूंस कुंपणें असलेल्या रस्त्यांनीं तेथील मोटारींस वळण घेण्याची कला शिकविली होती. सारांश, एका देशाजवळ बळ होतें व दुसऱ्याजवळ चपळाई होती. या दोहोंचें लग्न लावावें असें कोणाच्या तरी मनांत येणें अपरिहार्यच होतें.

तें प्रथम युद्धापूर्वींच आलें. सन १९३३ मध्यें सरे परगण्यांतील कोबम येथें नोएल मॅक्लिन यांनीं अमेरिकन हडसन कंपनीच्या टेराप्लेन मोटारीचा आठ सिलिंडरी सांगाडा घेऊन त्यावर हलकें इंग्रजी अंग चढविलें आणि त्या मोटारीस रेल्टन हें नांव दिलें. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडास डॉलरची निकड लागली. जो कारखाना परदेशीं माल पाठवील त्यास पोलादाचा वांटा अधिक, असें धोरण सरकारनें ठेवलें. त्या निकडींत एम्. जी.सारख्या चिमुकल्या मोटारी जहाजांत बसून अमेरिकेस गेल्या. तेथील तरुण त्यांच्या चपळाईवर लुब्ध झाले. पण मोटार गोड, दम मात्र कमी, हें गाऱ्हाणें पाठोपाठ आलेंच. सिड्नी ॲलर्ड या लंडनच्या कारखानदारानें या गाऱ्हाण्यावर उपाय काढला. त्याच्या जे-२ या मोटारी बिनइंजिनाच्याच अमेरिकेस जात आणि गिऱ्हाईक तेथें आपल्या पसंतीचें इंजिन बसवून घेई. कॅडिलॅकचें ५.४ लिटरचें इंजिन बसविलेली अशी मोटार घेऊन स्वतः ॲलर्ड व टॉम कोल हे १९५० सालीं फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत तिसरे आले. पुढें अमेरिकेंत अशा ॲलर्ड मोटारी शर्यतींत हांकणाऱ्यांत टेक्ससचा एक उंचापुरा तरुण होता. त्याचें नांव कॅरोल शेल्बी. या प्रकरणाचा तोच पुढें नायक झाला.

शेल्बीचा जन्म १९२३ चा. त्यानें कोंबड्या पाळण्याचा धंदा केला, तो रोगानें कोंबड्या मेल्यामुळें बुडाला. मग तो शर्यतींकडे वळला. सन १९५९ मध्यें रॉय साल्वाडोरी याच्या जोडीनें ॲस्टन मार्टिन हांकून त्यानें ल मान्सची शर्यत जिंकली. परंतु त्याचें हृदय दुबळें होतें. जिभेखालीं गोळी धरून शर्यत हांकण्यापर्यंत पाळी आली, तेव्हां १९६० सालीं त्यानें शर्यती सोडल्या. स्वतः हांकतां येत नाहीं तर आपल्या मनासारखी मोटार तरी घडवावी, असें त्यानें ठरविलें.

इकडे लंडनजवळ थेम्स डिटन येथें ए. सी. नांवाचा एक लहान, जुना कारखाना होता. त्याची 'एस' ही दोन आसनी मोटार १९५३ सालीं बाहेर आली. दोन जाड नळ्यांचा शिडीसारखा सांगाडा, चारी चाकांस स्वतंत्र स्प्रिंगा आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याचें सुडौल अंग, असें तिचें रूप होतें. तिचें दोन लिटरचें इंजिन मात्र जॉन वेलरनें १९१९ सालीं आंखलेलें होतें. तें कमी पडूं लागल्यावर १९५६ पासून ब्रिस्टल या विमानांच्या कारखान्याचें इंजिन तिच्यांत मिळूं लागलें. हें ब्रिस्टल इंजिन तरी अस्सल इंग्रजी कोठें होतें? युद्धानंतर जर्मनींतून आणलेल्या बी. एम्. डब्ल्यू.च्या नकाशांवरून तें बेतलेलें होतें. म्हणजे अमेरिकन प्राण शिरण्यापूर्वींच एका जर्मन प्राणानें त्या देहांत बिऱ्हाड केलेलें होतें! सन १९६१ मध्यें ब्रिस्टलनें आपल्या मोटारींसाठीं क्रायस्लरचें अमेरिकन इंजिन पत्करलें व आपलें सहा सिलिंडरी इंजिन बंद केलें. ए. सी.चें घर रिकामें पडलें.

नेमक्या याच वेळीं, सप्टेंबर १९६१ मध्यें, शेल्बीचें पत्र आलें: तुमच्या मोटारींत अमेरिकन व्ही-८ इंजिन बसवून पाहूं या. फोर्डनें त्या सुमारास पातळ भिंतींचें ओतकाम करून एक हलकें व्ही-८ इंजिन काढलें होतें. लोखंडी असूनहि तें जुन्या सहा सिलिंडरी इंजिनापेक्षां फारसें जड नव्हतें आणि बळ तर कितीतरी अधिक. शेल्बीनें फोर्डला सांगितलें कीं मजजवळ मोटार आहे, आणि ए. सी.ला सांगितलें कीं मजजवळ इंजिन आहे. वस्तुतः त्याच्याजवळ दोहोंपैकीं कांहींच नव्हतें. फेब्रुवारी १९६२ मध्यें बिनइंजिनाची पहिली मोटार लॉस एंजेलिसला पोंचली आणि तेथें एका मित्राच्या कारखान्यांत तिच्यांत २६० घनइंचांचें, म्हणजे सुमारें ४.३ लिटरचें, इंजिन चढलें. तिचें नांव कोब्रा. मोटार एकच; पण वर्तमानपत्रांच्या निरनिराळ्या परीक्षकांकडे पाठवितांना दर वेळीं तिला नवा रंग द्यावयाचा, म्हणजे अशा मोटारी पुष्कळ तयार आहेत असें वाटे, अशी युक्ति शेल्बीनें केली. हीच पहिली मोटार २०१६ सालीं लिलांवांत १ कोटि ३७ लाख ५० हजार डॉलरांस विकली गेली.

आतां यांतील यंत्रशास्त्राकडे थोडें वळूं. इंजिन बदललें कीं काम झालें, अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. घोडा बदलला कीं खोगीरहि बदलावें लागतें. इंजिनाचें बळ गिअरपेटींतून मागच्या डिफरन्शियलला, तेथून चाकांना व चाकांपासून उलट सांगाड्याला पोंचतें. या सांखळीची जी कडी दुबळी असेल ती तुटते. पीळ पडला कीं सांगाडा मुरडतो आणि सांगाडा मुरडला कीं चाकें ठिकाणावर राहत नाहींत. ब्रेकांना अधिक वेग जिरवावा लागतो, रेडिएटरला अधिक उष्णता. म्हणून कोब्राचा सांगाडा ठिकठिकाणीं बळकट करावा लागला, डिफरन्शियल अधिक दणकट आणावें लागलें आणि १९६३ सालीं सुकाणूची रचनाहि पालटावी लागली. पुढें ४.७ लिटर झाले. शेवटीं १९६५ मध्यें ७ लिटरचें इंजिन घालण्याची वेळ आली, तेव्हां जुना सांगाडा अगदींच अपुरा ठरला. तीन इंची नळ्यांच्या जागीं चार इंची नळ्या व जुन्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या जागीं वेटोळ्यांच्या स्प्रिंगा घेऊन मोटार जवळजवळ नव्यानेंच घडवावी लागली. त्याच वर्षीं शेल्बीच्या मोटारींनीं ग्रँड टूरिंग वर्गाच्या जागतिक स्पर्धेंत फेरारीस हरविलें. एका जुन्या, चिमुकल्या इंग्रजी मोटारीच्या वंशजानें इटलीच्या राजघराण्यास खालीं पाहावयास लाविलें, हें यश सामान्य नव्हे.

पण हें यश कोणाचें झालें? मोटारीच्या अंगावर 'पॉवर्ड बाय फोर्ड' अशी अक्षरें होतीं. अमेरिकेंतील लोक तिला शेल्बीची किंवा फोर्डची कोब्रा म्हणत. ज्या हातांनीं तिचे पत्रे ठोकले, तिचा सांगाडा जोडला, ते थेम्स डिटनचे हात लोकांच्या स्मरणांतून मागें पडले. भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी, अशी स्थिति झाली. वेलरचें इंजिन १९६३ सालीं, चव्वेचाळीस वर्षांच्या सेवेनंतर, कायमचें थांबलें; ए. सी.नें पुन्हां स्वतःचें इंजिन म्हणून केलें नाहीं. कोब्राचें आयुष्यहि १९६७ च्या सुमारास, सुमारें एक हजार मोटारी झाल्यावर, संपलें.

कोब्राच्या यशाकडे पाहून जें दुसरें घर या मार्गास लागलें तें रूट्स. त्याची सन्बीम अल्पाइन ही मोटार दिसावयास देखणी, स्वभावानें मवाळ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तिची विक्री पाहणारे इयन गॅरड यांनीं आपल्या एका हाताखालच्या माणसास मोजपट्टी घेऊन निरनिराळीं इंजिनें मापावयास पाठविलें: या मोटारींत कोणतें व्ही-८ मावेल? पुन्हां फोर्डचें २६० घनइंचीच मावलें. एक कच्चा नमुना केन माइल्स या शर्यतबहाद्दरानें घाईनें जुळविला व दुसरा शेल्बीनें नीट बेतून केला. ही सारी खटपट इंग्लंडांतील मुख्य धन्यास, लॉर्ड रूट्स यांस, बरीच पुढें गेल्यावर कळली आणि तो प्रथम रागावला; पण मोटार स्वतः हांकून पाहिल्यावर त्याचा राग पार मावळला व त्यानें फोर्डकडे ३,००० इंजिनांची मागणी नोंदविली. एप्रिल १९६४ मध्यें न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत ती मोटार 'टायगर' या नांवानें लोकांपुढें आली. नांव जुनें होतें. हेन्री सीग्रेव्हनें १९२६ सालीं ज्या सन्बीम मोटारीनें भूमीवरील वेगाचा विक्रम केला तिचें तें नांव.

टायगर मोटारी वेस्ट ब्रॉमिच येथें जेन्सेनच्या कारखान्यांत जोडल्या जात. रंग देऊन चकचकीत झालेलें अंग तेथें आलें कीं कामगार मोठा हातोडा घेऊन त्याचा आंतला पत्रा ठोकून मागें सारीत. तेव्हां कोठें इंजिनास जागा होई. एक स्पार्क प्लग तर असा अडचणींत सांपडला होता कीं, तो काढण्यासाठीं बसावयाच्या बाजूनें पडद्यास भोंक ठेवावें लागलें. बळ जवळजवळ दुप्पट होऊन १६४ अश्वशक्ति झालें. इंजिन तापण्याची खोड मात्र राहिली. तरीहि लोकांनीं मोटारीस आपलें म्हटलें. तिचा घात हातोड्यानें केला नाहीं. तो वहीखात्यानें केला. सन १९६४ पासून क्रायस्लरनें रूट्समध्यें पाय घातला व १९६७ सालीं कारखाना पुरता हातीं घेतला. आपल्या मोटारींत आपल्या प्रतिस्पर्ध्याचें इंजिन असावें, हें क्रायस्लरला कसें रुचणार? अंगावरील फोर्डचें नांव काढून तेथें नुसतें 'सन्बीम व्ही-८' असें लिहिण्यांत आलें. क्रायस्लरचें स्वतःचें व्ही-८ घालावें, तर त्याचा डिस्ट्रिब्यूटर मागच्या अंगास, आणि नेमकी तेथेंच जागा नव्हती. अशा रीतीनें सुमारें सात हजार मोटारींनंतर १९६७ मध्यें टायगर संपली. मागून आणलेल्या दागिन्यांवर लग्न उभें करावें आणि ऐन मांडवांत सावकार दारांत यावा, त्यांतला हा प्रकार झाला.

तिसरी कथा एम्. जी. बी.ची. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत झालेली ही मोटार पांच लाखांहून अधिक संख्येनें निघाली. तिचें इंजिन चार सिलिंडरी, १,७९८ घन सेंटिमीटरचें. वाचकांस सांगावयास हरकत नाहीं कीं, या इंजिनाचें सख्खें भावंड आपल्याकडे पुष्कळ वर्षें घरोघर नांदलें. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बॅसडरमध्यें असलेलें १,४८९ घन सेंटिमीटरचें इंजिन याच कुळांतील होतें. ज्या इंजिनानें आपल्याकडे कलेक्टरसाहेबांस दौऱ्यावर नेलें, त्याचाच थोरला भाऊ तिकडे तरुणांस समुद्रकांठीं फिरवीत होता.

या मोटारीसहि अधिक बळ हवें होतें. कंपनीनें १९६७ सालीं तिच्यांत २.९ लिटरचें सहा सिलिंडरी लोखंडी इंजिन बसवून एम्. जी. सी. काढली. इंजिन घरचें होतें, पण सुमारें दोनशें पौंडांनीं जड. मोटारीचें नाक खालीं झुकलें, वळणावर ती हट्टी झाली, आणि दोन वर्षांत तिचा कारभार आटोपला. बळ आणि वजन या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा कंपनीनें महाग किंमत देऊन घेतला.

त्याच वेळीं एक हलकें, ॲल्युमिनियमचें व्ही-८ इंजिन इंग्लंडांतच तयार होत होतें. त्याची जन्मकथा या साऱ्या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद भाग आहे. अमेरिकेंतील ब्यूइक कंपनीनें १९६१ सालीं ३.५ लिटरचें एक ॲल्युमिनियमचें इंजिन काढलें. ओतकामांत भोंकें राहत, माल वायां जाई, खर्च वाढे. म्हणून १९६३ सालीं तिनें तें सोडून दिलें. रोव्हर कंपनीचे विल्यम मार्टिन-हर्स्ट हे व्यापारासाठीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत बोटींचीं इंजिनें करणाऱ्या एका कारखान्यांत गेले असतां तेथें तें टाकलेलें इंजिन त्यांच्या दृष्टीस पडलें. त्यांनीं त्याचें माप घेतलें आणि वाटाघाटी सुरू केल्या. येथें त्यांनीं जें केलें तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्यांनीं इंजिनें विकत घेतलीं नाहींत. १९६५ सालीं तें इंजिन करण्याचा परवाना घेतला, नकाशे घेतले, आणि तें इंजिन ज्यांच्या देखरेखीखालीं घडलें त्या ज्यो टर्ली नामक वृद्ध ब्यूइक इंजिनिअरास इंग्लंडास आणलें. रोव्हरनें ओतण्याची पद्धति बदलली, ब्रिटिश कारखान्यांस जमेल व पेलेल असें तें नव्यानें बसविलें. सन १९६७ मध्यें तें रोव्हरच्या मोटारींत आलें, १९६८ मध्यें मॉर्गनच्या, १९७० मध्यें रेंज रोव्हरच्या. आणि तें इंग्लंडांत २००४ पर्यंत घडत राहिलें. अमेरिकेनें तीन वर्षांत टाकून दिलेलें पोर इंग्लंडच्या घरीं जवळजवळ चाळीस वर्षें राबलें.

सन १९६८ मध्यें रोव्हर व एम्. जी. ही दोन्ही घरें ब्रिटिश लेलँड या एकाच छपराखालीं आलीं. हें इंजिन एम्. जी. बी.च्या लोखंडी चार सिलिंडरांपेक्षांहि वजनानें थोडें कमीच होतें. तरीहि तें त्या मोटारींत घालण्याची बुद्धि कंपनीस झाली नाहीं. ती झाली केंट परगण्यांतील केन कॉस्टेलो या शर्यतींत मुरलेल्या गृहस्थास. त्यानें १९७० नंतर स्वतःच्या लहानशा कारखान्यांत अशा मोटारी करून विकावयास आरंभ केला. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, तो असा! त्याची मोटार पाहिल्यावर कंपनीचे डोळे उघडले आणि ऑगस्ट १९७३ मध्यें १३७ अश्वशक्तीची एम्. जी. बी. जी. टी. व्ही-८ निघाली. दोनच महिन्यांनीं अरब-इस्रायल युद्ध पेटलें, तेलाचे भाव कडाडले, आणि मोठ्या इंजिनाचें नांव लोकांस नकोसें झालें. ती अमेरिकेंत विक्रीस गेलीच नाहीं. अवघ्या २,५९१ मोटारी होऊन १९७६ सालीं ती थांबली. मोटार गेली, पण इंजिन गेलें नाहीं. १९९२ सालीं त्याच कुळांतील ३.९ लिटरचें इंजिन घालून एम्. जी.नें आर्. व्ही. ८ ही मोटार काढली, आणि तिच्यांतील बहुतेक जपानांत गेल्या.

या तिन्ही कथा शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे आम्हांस जो भेद दिसतो तो असा. ए. सी.नें व रूट्सनें इंजिन उसनें आणलें. रोव्हरनें तें दत्तक घेतलें. उसन्या वस्तूवर देणाऱ्याची सत्ता राहते. त्यानें हात आंखडला, त्याचें मन पालटलें, किंवा घेणाऱ्याचा धनीच बदलला, कीं वस्तु जाते आणि घर पूर्वीपेक्षां रिकामें दिसतें. दत्तकाचें तसें नसतें. त्याचें गोत्र बदलतें, तो नव्या घराचा वारस होतो, आणि पुढील पिढ्या त्याच्या नांवानें चालतात. मात्र दत्तविधानास कष्ट पडतात. नुसती किंमत मोजून भागत नाहीं. ती वस्तु कशी केली, कां तशी केली, कोठें चुकली, हें सारें शिकावें लागतें. टर्लीसारखा जाणता मनुष्य पायां पडून आणावा लागतो. ब्यूइकच्या पदरीं ज्या ओतकामानें अपयश घातलें तेंच ओतकाम रोव्हरनें बदललें, हें या भेदाचें मर्म आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, कीर्ति तर कोब्राचीच झाली. रोव्हरच्या इंजिनाचें नांव किती जणांस ठाऊक आहे? हें खरें आहे, आणि तें आम्ही नाकारीत नाहीं. उसन्या बळाची झळाळी मोठी असते. फेरारीला हरविण्यास उसनें बळ पुरतें. चाळीस वर्षें संसार करण्यास पुरत नाहीं. ज्याला जें हवें असेल त्यानें तें पत्करावें. पण दोहोंची गल्लत करूं नये.

आतां आरंभीच्या पेंचाकडे येऊं. प्राण बदललेल्या मोटारीस कोणत्या नांवानें ओळखावें? इंग्लंडच्या परवाना खात्यानें या प्रश्नावर अनेक वर्षें एक मजेदार गुणपद्धति चालविली होती. बदल केलेल्या मोटारीचा मूळ क्रमांक कायम राहण्यास तिला किमान आठ गुण लागत. मूळ सांगाड्यास पांच गुण; स्प्रिंगा, आंस, गिअरपेटी व सुकाणू यांना प्रत्येकीं दोन; आणि इंजिनास केवळ एक! चौदांपैकीं एक. ज्यास आपण मोटारीचा प्राण म्हणतों त्यास कायद्यानें सर्वांत हलकें स्थान दिलें. मंत्र्यांनीं अमरु राजाचा देह पाहूनच त्यास राजा मानिलें, तसाच हा न्याय झाला.

हा प्रश्न अलीकडे पुन्हां ऐरणीवर आला आहे. कारण आतांचा नवा प्राण विजेचा आहे. मे २०१८ मध्यें विंडसर येथें राजपुत्र हॅरी याच्या विवाहाच्या दिवशीं नवदंपती ज्या जुन्या जॅग्वार ई-टाइपमधून गेलें तिच्यांत पेट्रोलचें इंजिन नव्हतें. बॅटरी व विजेची मोटर होती. जॅग्वार २००८ सालीं मुंबईच्या टाटा मोटर्सच्या मालकीची झाली, म्हणजे येथें मालकीचेंहि परकायाप्रवेशन झालेलें आहे. कारखान्यानें ती बॅटरी जुन्या सहा सिलिंडरी इंजिनाच्या आकाराची व जवळजवळ तेवढ्याच वजनाची केली होती. त्यामुळें स्प्रिंगा व ब्रेक यांना हात लावावा लागला नाहीं, आणि मनांत येईल तेव्हां जुनें इंजिन परत बसवितां येईल अशी सोय राहिली. तथापि जुन्या मोटारींच्या संघांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१९ मध्यें आपलें मत स्पष्ट केलें कीं, विजेवर चालविलेली मोटार ऐतिहासिक मोटारीच्या व्याख्येंत बसत नाहीं. कायद्यानें इंजिनास एक गुण दिला आणि रसिक त्यास सर्वस्व मानतात. हा वाद इतक्यांत मिटेलसें दिसत नाहीं.

आमचें मत विचाराल तर नांव देहावरून ठरावें कीं प्राणावरून, यापेक्षां दोहोंची ओळख पटली आहे कीं नाहीं, हें पाहणें अधिक महत्त्वाचें आहे. ज्या सांगाड्यानें नव्या बळासाठीं स्वतःस बदललें, जें बळ त्या सांगाड्याच्या मर्यादा ओळखून आलें, त्यांची मोटार एक झाली. जेथें पत्रा हातोड्यानें मागें सारून जागा केली तेथें दोन वस्तु एकत्र राहिल्या, इतकेंच. आमच्यासारख्या, ज्यांची बहुतेक विद्या इंग्रजी ग्रंथांच्या शिदोरीवर वाढली, त्यांनीं तर या कथेकडे परक्याची गंमत म्हणून पाहूं नये. आपल्या महाविद्यालयांतून, प्रयोगशाळांतून व कारखान्यांतून बाहेरचें बळ सतत येत आहे, आणि तें यावें. प्रश्न एवढाच आहे कीं, आपण इंजिनें मागवीत आहों, कीं त्यांचे नकाशे वाचावयास व ओतकाम सुधारावयास शिकत आहों. सावकार दारांत उभा राहीपर्यंत या प्रश्नाचें उत्तर पुढें ढकलणें शहाणपणाचें नाहीं.